ओपन सोर्स आहे म्हणतात, पण खरंच आहे का? सॉफ्टवेअर आणि सर्किट बोर्ड तपासण्याच्या पायऱ्या

‘ओपन सोर्स’ हे लेबल सध्या कशावरही चिकटवलेलं दिसतं: अ‍ॅपवर, राउटरवर, थ्रीडी प्रिंटरवर, एआय मॉडेलवर. नवख्या माणसाचा त्यावरून दोनपैकी एक समज होतो. एक तर फुकट मिळतं ते ओपन सोर्स, नाहीतर ज्याचा कोड बघायला मिळतो ते ओपन सोर्स. दोन्ही समज अर्धवट आहेत. फुकट मिळणारी कितीतरी सॉफ्टवेअर आतून कुलूपबंद असतात, आणि कोड सगळ्यांना दिसतो पण वापरायची परवानगीच नाही, हेही सर्रास चालतं.

बघायच्या गोष्टी दोनच. बनवणारा स्वतः ज्या फाइलमध्ये बदल करतो, तीच फाइल तुम्हाला मिळाली का? आणि ती वापरायची, बदलायची, वाटायची, हवं तर विकायची लेखी परवानगी तिच्यासोबत मिळाली का? पहिली मिळाली आणि दुसरी नाही, तर हात बांधलेले. दुसरी मिळाली आणि पहिली नाही, तर परवानगी घेऊन करायचं काय? सॉफ्टवेअर असो की सर्किट बोर्ड, तपासणी हीच, फक्त फाइलींची नावं बदलतात.

पायऱ्यांकडे वळण्याआधी थोडा इतिहास, कारण लायसन्सांची भाषा त्यातूनच आली आहे. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू हा मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम बनवायचा प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर कशासाठीही चालवायचं, त्याचा अभ्यास करून ते बदलायचं, त्याच्या प्रती वाटायच्या आणि आपण बदललेलं रूपही वाटायचं, हे चार हक्क वापरणाऱ्याला असलेच पाहिजेत ही त्यांची मांडणी. ते हक्क कागदावर बांधणारं जीपीएल हे लायसन्स १९८९ मध्ये आलं. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स जाहीर केलं आणि पुढच्याच वर्षी ते जीपीएलखाली आणलं. ‘ओपन सोर्स’ हे नाव मात्र बरंच नंतरचं. नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा कोड खुला करायचं ठरवलं तेव्हा, फेब्रुवारी १९९८ मध्ये, क्रिस्टीन पीटरसन यांनी ते सुचवलं. त्याच वर्षी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था उभी राहिली आणि तिने दहा कलमांची व्याख्या स्वीकारली. ‘फ्री सॉफ्टवेअर’ म्हणायचं की ‘ओपन सोर्स’, यावर आजही लोक तावातावाने भांडतात. नव्याने शिकणाऱ्याने त्या भांडणात सुरुवातीलाच पडू नये. लायसन्सांची यादी दोन्हीकडे जवळपास तीच आहे.

पायरी पहिली: लायसन्सची फाइल उघडा

प्रकल्पाच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये ‘लायसन्स’ किंवा ‘कॉपीइंग’ नावाची फाइल असते. ती आधी उघडा. रीडमी या ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये, जाहिरातीत किंवा बोर्डाच्या खोक्यावर काय लिहिलंय ते नंतर.

फाइल नसेल तर? इथे बहुतेक जण फसतात. लायसन्स नाही म्हणजे मुक्त नाही, उलट सगळे हक्क लिहिणाऱ्याकडे राखीव. कॉपीराइट आपोआप लागतो, त्यासाठी कुठे नोंद करावी लागत नाही. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर कोड सार्वजनिक ठेवला की तिथल्या अटींनुसार इतरांना तो बघता येतो आणि तिथल्या तिथे त्याचा फोर्क, म्हणजे आपली वेगळी प्रत, करता येतो, बस. तो उचलून आपल्या प्रॉडक्टमध्ये घालायची परवानगी त्यात नाही. असा कोड आवडलाच तर लेखकाला नम्रपणे विचारा की लायसन्स जोडाल का. अनेकांनी ते मुद्दाम टाळलेलं नसतं, निव्वळ राहून गेलेलं असतं.

फाइल सापडली की ती वाचा. घाबरायचं कारण नाही. एमआयटी लायसन्स जेमतेम तीन परिच्छेदांचं आहे. वर वर्ष आणि कॉपीराइट कुणाचा ती ओळ. मग परवानगी: वापरा, बदला, वाटा, विका. त्यानंतर एकुलती एक अट: ही सूचना आणि ही परवानगी प्रत्येक प्रतीत राहिली पाहिजे. शेवटी मोठ्या अक्षरांत हात झटकलेले असतात: आहे तसं घ्या, बिघडलं तर आम्ही जबाबदार नाही. एवढंच. पहिलंच लायसन्स वाचायचं असेल तर हेच घ्या.

बाकीची लायसन्सं ढोबळमानाने दोन गोटांत बसतात. एमआयटी, बीएसडी आणि अपाची २.० ही सैल गोटातली. त्यांचा कोड बंदिस्त प्रॉडक्टमध्येही वापरता येतो, श्रेय आणि सूचना टिकवली की झालं. अपाची २.० मध्ये पेटंटबद्दलची परवानगी स्पष्ट शब्दांत असते, म्हणून मोठ्या कंपन्यांना ते बरं वाटतं. दुसरा गोट कॉपीलेफ्टचा. जीपीएलचा कोड घेऊन तुम्ही काही बनवलंत आणि ते दुसऱ्याला दिलंत, तर त्याला तुमच्या बदलांसकट सगळा सोर्स त्याच अटींवर द्यावा लागतो. कुणी आयत्या बिळावर नागोबा होऊन बसू नये म्हणून ही तजवीज. एलजीपीएल जरा मवाळ, ते मुख्यतः लायब्ररींसाठी. एजीपीएल आणखी कडक: प्रोग्राम सर्व्हरवर चालवून लोकांना फक्त नेटवर्कवरून वापरायला दिला, तरी बदललेला सोर्स त्यांना मिळाला पाहिजे.

दोन गोटांचा कोड एकत्र करताना मात्र जपून. अपाची २.० चा कोड जीपीएलच्या ३ ऱ्या आवृत्तीखालच्या प्रकल्पात चालतो. ‘फक्त २ री आवृत्ती’ असं लिहिलेल्या प्रकल्पात चालत नाही, आणि लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, नेमका त्यातला आहे.

आता धोक्याच्या खुणा. ‘अव्यावसायिक वापरासाठी’ असे शब्द दिसले की ते ओपन सोर्स नव्हे. कोणत्या कामासाठी वापरायचं यावर बंधन घालता येत नाही, असं व्याख्येतलं एक कलमच आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या प्रकारांत व्यावसायिक वापराला किंवा बदलांना मनाई असते, ते सगळे इथेच बाद. थ्रीडी मॉडेलं आणि हौशी सर्किटं या प्रकारांखाली ढिगाने पडलेली असतात, तेव्हा किट बनवून विकायचा विचार असेल तर आधी बघा. तिसरी खूण ‘सोर्स उपलब्ध’ या शब्दांची. मोंगोडीबी या डेटाबेसने २०१८ मध्ये आणलेलं एसएसपीएल हे लायसन्स आणि टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या साधनाने २०२३ मध्ये घेतलेलं बिझनेस सोर्स लायसन्स, दोन्हींत कोड दिसतो, पण ओपन सोर्सच्या व्याख्येत ती बसत नाहीत. टेराफॉर्मच्या बाबतीत लोकांनी जुन्या, खुल्या आवृत्तीवरून ओपनटोफू हा वेगळा प्रकल्प काढला. एकदा दिलेली परवानगी त्या आवृत्तीपुरती परत घेता येत नाही, म्हणून हे जमलं.

एआय मॉडेलांबद्दल एकच सांगतो: वेट्स, म्हणजे मॉडेल शिकताना तयार झालेले आकडे, डाउनलोड करता येतात, एवढ्यावरून मॉडेल ओपन सोर्स ठरत नाही. ओपन सोर्स इनिशिएटिव्हने त्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये वेगळी व्याख्या काढली, आणि तिच्यावरही वाद चालूच आहे.

पायरी दुसरी: मिळालंय ते मूळच आहे ना?

सोर्स म्हणजे काय, याचं जीपीएलमधलं उत्तर मला फार पटतं: बदल करण्यासाठी ज्या रूपात काम करणं सोयीचं, ते रूप. स्पेस काढून, नावं एकाक्षरी करून दाबून बसवलेली जावास्क्रिप्ट फाइल तुम्हाला उघडता येते, वाचताही येते, पण तिच्यात कुणी काम करत नाही. ती सोर्स नव्हे. फोल्डरमध्ये कंपाइल केलेले तुकडे नुसते ठेवून दिले असतील, तर त्यांचा सोर्स कुठे आहे ते विचारा.

तपासायचा उत्तम उपाय म्हणजे स्वतः बिल्ड करून, म्हणजे सोर्सपासून चालता प्रोग्राम बनवून बघणं. कोड गिटने, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाने, उतरवा, रीडमीत दिलेल्या सूचना जशाच्या तशा पाळा आणि प्रोग्राम उभा राहतो का ते बघा. नाही राहिला तर काहीतरी वगळलेलं आहे, मुद्दाम किंवा चुकून.

हा नुसता सोवळेपणा नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरच्या लक्षात आलं की एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात शिरायच्या सोयीने, लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्याचा माग काढत ते एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीपर्यंत पोचले. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवलेला निघाला. मेख अशी होती की तो उघडणारी बिल्डची ओळ गिटच्या सार्वजनिक कोडमध्ये नव्हतीच. प्रसिद्धीसाठी बांधलेल्या पॅकेजमध्ये ती गुपचूप घातली होती. म्हणजे लोक बघत होते एक आणि त्यांच्या संगणकावर चढत होतं दुसरं. सोर्स खुला आहे म्हणजे तो कुणीतरी वाचलाच असेल, असं धरून चालू नका. पण सोर्स खुला होता म्हणूनच एका बाहेरच्या माणसाला मुळापर्यंत जाता आलं, हेही तितकंच खरं.

पायरी तिसरी: बोर्ड हातात घेतल्यावर

हार्डवेअरमध्ये गोंधळ जास्त, कारण इथे ‘फाइल’ एक नसते. बोर्डाच्या फोल्डरमध्ये चार गोष्टी शोधा: स्किमॅटिक, म्हणजे कोणता पार्ट कुणाला जोडलाय त्याचा नकाशा, पीसीबी लेआउट, म्हणजे तांब्याच्या रेषा प्रत्यक्ष कुठून जातात, पार्ट्सची यादी, जिला सगळे बॉम म्हणतात, आणि बोर्डावरच्या चिपमध्ये चालणाऱ्या फर्मवेअरचा कोड.

स्किमॅटिक आणि लेआउट पीडीएफमध्ये असेल तर ते बघायला ठीक, पण मूळ नव्हे. गर्बर फाइलींचंही तेच. गर्बर म्हणजे बोर्ड छापणाऱ्या कारखान्याला द्यायच्या थरांच्या फाइली. त्यांवरून तुम्ही हुबेहूब तसाच बोर्ड छापून घ्याल, पण एखादा कनेक्टर पाच मिलिमीटर सरकवायचा म्हटलं की गाडी अडली. त्यासाठी किकॅडसारख्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल लागते. किकॅड स्वतः ओपन सोर्स आहे. १९९२ मध्ये ज्याँ-पियेर शारास यांनी ते सुरू केलं आणि सर्न या संशोधन संस्थेने पुढे त्याच्या विकासाला मोठा हातभार लावला. ईगलसारख्या बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये काढलेली डिझाइनंही त्यात उघडता येतात.

मूळ फाइल हाती असण्याचा फायदा काय, ते आर्डुइनो उनो (आर३) या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर बघा. तुमचा बोर्ड तापमानाची नोंद करत बसलाय. तुम्ही संगणकावर सिरियल मॉनिटर, म्हणजे बोर्डाने पाठवलेला मजकूर दाखवणारी खिडकी, उघडता आणि बोर्ड पहिल्यापासून सुरू होतो, नोंदी पुन्हा शून्यापासून. कोडमध्ये कितीही शोधलंत तरी कारण सापडणार नाही. स्किमॅटिक उघडा. यूएसबी सांभाळणाऱ्या एटीमेगा१६यू२ चिपची डीटीआर ही रेषा १०० नॅनोफॅरडच्या एका कपॅसिटरमधून मुख्य एटीमेगा३२८पी चिपच्या रीसेट पिनला जाते. पोर्ट उघडला की त्या रेषेवरचा व्होल्टेज खाली येतो, कपॅसिटरमधून क्षणभराचा झटका पुढे जातो आणि चिप रीसेट होते. नवा प्रोग्राम चढवताना बटण दाबावं लागू नये म्हणून ही सोय मुद्दाम केलेली आहे. नको असेल तर बोर्डावर ‘रीसेट-ईएन’ असं लिहिलेला एक बारीक सांधा कापायचा. बंद बोर्डावर हे शोधायला मल्टिमीटर घेऊन किती वेळ गेला असता याचा अंदाज करा.

याच उनोच्या असंख्य प्रतिकृती बाजारात आहेत आणि त्या बनवणं मुळीच चोरी नाही, डिझाइनच्या लायसन्सने ती मुभा दिली आहे. बऱ्याच प्रतिकृतींत १६यू२ च्या जागी स्वस्त सीएच३४० चिप असते; संगणकाला बोर्ड दिसेना तर आधी तिचा ड्रायव्हर तपासा. पण ‘आर्डुइनो’ हे नाव आणि बोधचिन्ह हा ट्रेडमार्क आहे. डिझाइन घेऊन वेगळ्या नावाने विकणं रीतसर, तेच नाव छापून विकणं मात्र नक्कलबाजी. डिझाइन खुलं असलं तरी नाव खुलं नसतं, हे सॉफ्टवेअरलाही लागू आहे.

रास्पबेरी पायला लोक सवयीने ओपन हार्डवेअर म्हणतात. त्यावर चालणारं लिनक्स खुलं आहे, कागदपत्रं उत्तम आहेत, पण मुख्य बोर्डाची लेआउट फाइल प्रसिद्ध केलेली नाही, स्किमॅटिकही संक्षिप्तच मिळतं. बोर्ड वाईट आहे असं यातून होत नाही. मात्र तो आपल्या प्रॉडक्टमध्ये घालणार असाल, तर तसाच दुसरा बनवून घेता येणार नाही हे आधी ठाऊक हवं. रिस्क-फाइव्हबद्दलही अशीच गल्लत होते. २०१० मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालेला हा प्रोसेसरचा आदेशसंच खुला आहे, कुणीही त्यावर चिप बनवावी. पण अशी बनवलेली चिप खुली असेलच असं नाही, आणि पुष्कळशा नसतात.

चिपपर्यंत सगळं खुलं पाहिजे असा हट्ट धरलात तर हाती फारसं काही उरणार नाही. ओपन सोर्स हार्डवेअरची व्याख्याही तसं मागत नाही. बोर्डाचं डिझाइन मूळ रूपात द्या, आणि कोणता भाग त्यात येत नाही ते स्पष्ट लिहा, एवढंच ती म्हणते. ओपन सोर्स हार्डवेअर असोसिएशन ही संस्था २०१६ पासून बोर्डांना प्रमाणपत्र देते. देशाची दोन अक्षरं आणि सहा आकडे असा प्रत्येकाचा क्रमांक असतो आणि यादी सार्वजनिक असते. बोर्डावर तो क्रमांक दिसला तर यादीत शोधून मूळ फाइलींपर्यंत जाता येतं.

पायरी चौथी: वापरायला घेताना

घरी, स्वतःसाठी वापरताना जवळजवळ कुठलीच अट आड येत नाही. अटी लागू होतात त्या दुसऱ्याला देताना. एमआयटीचा कोड घातलाय? सूचना सोबत द्या. अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘लायसन्सेस’ नावाचं कंटाळवाणं पान असतं, ते याचसाठी. जीपीएलचा कोड घातलेलं उपकरण विकलंत तर खरेदीदाराला त्याचा सोर्स मिळाला पाहिजे. विकायला बंदी नाही, लपवायला आहे.

न पाळल्यास काय होतं, याचं गाजलेलं उदाहरण लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचं. २००३ मध्ये लोकांनी त्याचं फर्मवेअर उकललं तर आत लिनक्स निघालं, सोर्स मात्र दिलेला नव्हता. ओरड झाली आणि कंपनीला तो प्रसिद्ध करावा लागला. त्या कोडवरून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं फर्मवेअर सुरू झालं, जे आज कितीतरी कंपन्यांच्या राउटरांवर चालतं.

वापरण्याआधी प्रकल्पाची नाडीही बघा. शेवटचा बदल कधीचा, आलेल्या तक्रारींना कुणी उत्तर देतं का, सगळा भार एकाच माणसावर आहे का? एक्सझेडची जबाबदारी बराच काळ एकाच थकलेल्या स्वयंसेवकावर होती, आणि मदतीच्या मिषाने येऊन चोरदरवाजा बसवणाऱ्याने नेमकं तेच हेरलं.

पायरी पाचवी: हातभार लावा

कोड येत नाही म्हणून अडून राहू नका. बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, नीट नोंदवणं हेसुद्धा मोठं काम आहे: कोणती आवृत्ती, काय केलंत, काय व्हायला हवं होतं, काय झालं. ‘चालत नाही’ एवढं लिहून कुणाचंच भलं होत नाही. आपल्या भाषेत भाषांतर, रीडमीतली चुकलेली पायरी दुरुस्त करणं, बोर्डाच्या बॉममध्ये बंद झालेल्या पार्टला पर्याय सुचवणं, ही सगळी खरी कामं आहेत. कोड पाठवणार असाल तर आधी ‘कॉन्ट्रिब्यूटिंग’ फाइल वाचा, मग फोर्क करा, एका पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ या विनंतीत, एकच छोटा बदल पाठवा. दोनशे फाइलींची साफसफाई करून पाठवलीत तर ती वाचायला कुणाकडेच सवड नसते.

पायरी सहावी: स्वतःचं काम खुलं करताना

आधी खात्री करा की ते तुमचं आहे. नोकरीच्या करारात कामाचे हक्क मालकाकडे जातात असं कलम अनेकदा असतं, ते सुट्टीच्या दिवशी लिहिलेल्या कोडलाही लागू आहे का ते वाचा.

लायसन्स पहिल्या दिवशीच जोडा. नंतर दहा जणांचा कोड त्यात मिसळला की बदलायला दहा जणांची संमती लागते. स्वतःचं लायसन्स स्वतः रचण्याच्या फंदात पडू नका. घरगुती अटींचा अर्थ लावायला कुणी वकील तुमच्यासाठी बसलेला नाही आणि तयार लायसन्सं हवी तेवढी आहेत. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर एसपीडीएक्सची, म्हणजे लायसन्सचं ठरलेलं छोटं नाव सांगणारी, एक ओळ टाका, म्हणजे फाइल एकटीच कुठे गेली तरी लायसन्स कळेल.

बोर्डासाठी सॉफ्टवेअरचं लायसन्स ओढूनताणून लावू नका. कॉपीराइट डिझाइनच्या फाइलींवर लागतो, सर्किट जे काम करतं त्यावर नाही, त्यामुळे छापून आलेल्या बोर्डाच्या बाबतीत सॉफ्टवेअरच्या लायसन्सचे शब्द नीट बसत नाहीत. सर्नने याचसाठी २०११ मध्ये हार्डवेअरचं वेगळं लायसन्स आणलं. २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे तीन प्रकार आहेत: एस कडक, डब्ल्यू मधलं, पी सैल. सहसा बोर्डाच्या डिझाइनला सर्नचं, फर्मवेअरला जीपीएल किंवा एमआयटी, आणि माहितीपुस्तिकेला क्रिएटिव्ह कॉमन्सचा खुला प्रकार, अशी तीन लायसन्सं एकाच फोल्डरमध्ये नांदतात. कोणतं कशाला, ते रीडमीत लिहा.

फोल्डरमध्ये किकॅडची मूळ फाइल, तिच्यासोबत वाचायला पीडीएफ, छापायला गर्बर, आणि बॉम. बॉममध्ये ‘१० मायक्रोफॅरड कपॅसिटर’ एवढंच लिहू नका. व्होल्टेज, आकार आणि उत्पादकाचा पार्ट नंबरही द्या. तुम्ही वेगळे बनवलेले फुटप्रिंट, म्हणजे पार्ट बसायच्या तांब्याच्या जागांचे आराखडे, विसरू नका.

आणि बोर्डाच्या सिल्कस्क्रीनवर, म्हणजे वर छापलेल्या अक्षरांच्या थरात, आवृत्ती छापा, फाइली कुठे मिळतील तो पत्ता छापा. कोड दुरुस्त करून सगळ्यांना नवी आवृत्ती देता येते, विकला गेलेला बोर्ड परत येत नाही. चार वर्षांनी तो दुरुस्त करायला बसलेल्याच्या हाती ‘१.२’ असलं आणि गिटमध्ये ‘१.२’ हा टॅग, म्हणजे त्या आवृत्तीची खूण, नसला, तर तो ‘१.३’ च्या नकाशावर बोट ठेवून चुकीचा पार्ट बदलेल. म्हणून छापायला पाठवण्याच्या दिवशीच गिटमध्ये टॅग लावा.